आज चतुःशृंगीला जायचंय

डोळे मिटूनच राहा थोडं. कुठे आलात ते आधी नाकाला ओळखू द्या. काल संध्याकाळी सारवलेल्या जमिनीचा ओलसर वास, तिळाच्या तेलाचा, सुकत चाललेल्या झेंडूचा, आणि या सगळ्यांखाली काळ्या मातीचा. देवघरात घट बसले त्याला आज पाचवा दिवस. घटाभोवतीच्या मातीत पेरलेले गहू बोटभर वर आलेत, त्यांच्यावर रोज पाणी शिंपडलं जातं, म्हणून भर पेठेत, माजघरात, शेताचा वास आहे.

"उठा ना हो वहिनी! आत्याबाईंची आंघोळसुद्धा झाली!"

आता उघडा डोळे. हा सदाशिव पेठेतला, नागनाथ पाराजवळचा दोन चौकी वाडा. साल 1912 च्या आगेमागे. आश्विनातली ललितापंचमी, पहाटेचे चार. आणि तुम्ही या घरच्या धाकट्या सूनबाई. पुरुष वाचकांनो, तुम्हीसुद्धा! आजच्या दिवसापुरतं नऊवारी नेसायचं, नाकात नथ घालायची आणि अनवाणी चालायचं. चतुःशृंगीची यात्रा पुण्यातल्या पुष्कळांनी केली, पण ती सगळ्यांत जास्त जिची होती, तिच्याच पायांनी करून पाहू.

चौकात तांब्याचा बंब धुमसतोय. धूर डोळ्यांत जातो, पण पाणी कढत आहे आणि पहाटेला गारठा आहे, तेव्हा तक्रार नको. अंगावरून दोन तांबे जातात न जातात तोच बाहेरून पुढची आवरा आवरा करू लागते. काळोखातच लुगडं नेसायचं. कासोटा घट्ट हवा, आज तीन मैल जायचंय आणि तीन मैल यायचंय. खोपा, त्यावर आग्रफूल. कपाळावर आधी मेणाचं बोट, मग त्यावर पिंजर दाबायची, म्हणजे घामानं ओघळत नाही. खणाची चोळी दंडात काचते. नथीचा भार पहिल्यांदा जाणवतो, मग विसरायला होतो, आणि पाणी पिताना पुन्हा जाणवतो.

देवघरापाशी सासूबाई बसल्यात. त्या येणार नाहीत. गुडघे धरलेत, शिवाय नंदादीप नऊ दिवस विझता कामा नये, तेव्हा घरात जागतं माणूस हवंच. त्यांनी ओटीचं सगळं करंडीत भरून ठेवलंय: खण, नारळ, तांदूळ, हळकुंडं, सुपाऱ्या, खारका, बदाम. तांदळात बोटं फिरवून त्या एक खडा शोधून बाजूला टाकतात. मग कनवटीचा एक आणा काढून तुमच्या मुठीत देतात.

"माझा नमस्कार सांग. म्हणावं, यायला जमत नाही, रागवू नकोस."

एवढं बोलून त्या वातीकडे वळतात.

आज घरातल्या बायका एवढ्या लांब का निघाल्यात, ते ऐकून ठेवा. थोरल्या जाऊबाईंच्या मुलाला देवी आल्या होत्या. अंगभर फोड, ताप, खोलीच्या दाराला कडुनिंबाचे डहाळे, आणि वैद्यांनी मान हलवलेली. त्या रात्री जाऊबाईंनी पदर पसरला: पोर उठलं तर पाच वर्षं नवरात्रात पायी येईन. पोर उठलं. चेहऱ्यावर व्रण आहेत, पण समोर चौकात भोवरा फिरवतंय. आजचं हे चौथं वर्ष. नवस जाऊबाईंचा, पण सोबत म्हणून आत्याबाई, शेजारच्या काकू, नणंद आणि तुम्ही. नवस बोललेल्या बाईला अडवण्याचं धाडस पेठेतल्या कुठल्याही घरात नसतं. एरवी शनिपारापलीकडे जायचं तर ओसरीवर विचारावं लागतं. आज ओसरीवर कुणी मान वर करूनही पाहत नाही. नवसानं पोरं वाचवली, आणि बायकांना रस्ताही दिला. मला ही दुसरी गोष्ट पहिलीइतकीच मोठी वाटते.

दिंडी करकरते. वाका, नाहीतर कपाळाला चौकट लागेल. आणि बाहेर या.

रस्ता रिकामा असेल असं वाटलं होतं ना? पेठ जागी आहे. घराघरातून जात्यांची घरघर येतेय, एका जात्याची थांबली की दुसऱ्याची सुरू होते, आणि तिच्यावर कुणाची तरी ओवी, शब्द न कळणारी, फक्त चाल कळणारी. खुन्या मुरलीधराच्या देवळात घंटा वाजते. नगरपालिकेचा रॉकेलचा दिवा कोपऱ्यावर पिवळा जळतोय; त्याच्या काचेवर काजळी इतकी, की उजेड खांबाच्या पायापाशीच संपतो. एक गवळी पितळी भांडी खणखणवत जातो. कुणी आजोबा खांद्यावर पंचा टाकून, तोंडानं स्तोत्र पुटपुटत नदीकडे निघालेत. गायी रस्त्यातच बसल्यात, त्यांना वळसा घाला. पायाखाली काय येतं ते बघून चाला.

पुढे कंदील घेऊन धाकटे भावोजी. कंदिलाचा उजेड त्यांच्या धोतराच्या सोग्यावर हलतो. मागे तुम्ही पाचजणी. लाल अलवणातल्या आत्याबाई सगळ्यांच्या पुढे, भावोजींच्याही पुढे जाऊ बघतात. बाराव्या वर्षी कपाळ पांढरं झालं, त्यानंतरचं सगळं आयुष्य या घराच्या स्वयंपाकघरात. हळदीकुंकवाला त्यांना कुणी बोलवत नाही, लग्नाच्या घरात त्या पुढे येत नाहीत. पण चालायला लागल्या की त्यांना गाठणं कठीण.

"आत्याबाई, दमानं!" काकू धापा टाकत म्हणतात.

"दमानं काय, उजाडलं म्हणजे रांग वाढेल," आत्याबाई मागे न बघता उत्तर देतात.

लकडी पूल. आता नावातच लाकूड उरलंय. पानिपतानंतर 1761 साली नानासाहेब पेशव्यांच्या वेळी बांधला तो खरोखर लाकडी होता, आज पायाखाली दगड आहे. पुलावर आलात की वारा पदरात शिरतो आणि पदर सावरायला दोन्ही हात लागतात. खाली मुठा. पावसाळा नुकता सरलाय, पाणी अजून भरलेलं, खडकांवरून खळाळत जाणारं. काठावर आंघोळी चालल्यात, गार पाण्याचा पहिला तांब्या डोक्यावर पडला की माणूस 'हर हर' म्हणतो तो आवाज पुलापर्यंत चढतो. पूल संपला आणि पेठ संपली. दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन स्टेशनवरून टांग्यातून आलात, त्यानंतर नदी ओलांडण्याची ही तुमची पहिली वेळ.

इथून पुढे मोकळं. तुम्ही आजच्या पुण्यातून आलात, म्हणून सांगते, डेक्कनचा गजबजलेला चौक शोधू नका. बाभळी आहेत, गवत आहे, गवतावर दव आहे. पावलं भिजतात, जोडव्यांत गवताच्या काड्या अडकतात. डाव्या हाताला लांब, टेकडीच्या पायथ्याशी, फर्ग्युसन कॉलेजची इमारत अंधारात अजून नुसतीच काळी दिसते. रस्ता भांबुर्ड्याकडे वळतो, पाताळेश्वराच्या लेण्यावरून आणि जंगलीमहाराजांच्या समाधीवरून जातो. भावोजी थांबून हात जोडतात, म्हणून सगळ्याजणी थांबतात. इथे दम खा. काकूंच्या पायात काटा गेलाय. आत्याबाई कंदिलाच्या उजेडात, सुईनं, एका झटक्यात काढतात.

उजाडायला लागतं तसं कळतं की आपण एकट्या नाही. भांबुर्डं जागं झालंय आणि गावातल्या बायका झेंडूच्या पाट्या डोक्यावर घेऊन त्याच दिशेला निघाल्यात. मागून बैलगाड्या येतात. घुंगरांचा आवाज आधी, मग बैलांचा उष्ण श्वास पाठीशी, मग गाडीवानाचं "सरका माय, सरका". गाडीत चिपाडावर गोधडी टाकून अख्खं घरदार बसलेलं, म्हातारी मध्ये, पोरं कडेला पाय सोडून. खडकीकडून लष्करातल्या शिपायांच्या बायका येतात, खेड्यापाड्यांतून घोंगडी खांद्यावर टाकलेले शेतकरी. कुणाच्या डोक्यावर परडी, कुणाच्या गळ्यात कवड्यांची माळ. टांगे धूळ उडवत पुढे जातात. ही धूळ आता दिवसभर दातांत करकरणार आहे. पदर नाकाला लावा.

गणेशखिंडीच्या रस्त्याला दुतर्फा झाडं आहेत, शेतकी कॉलेजची हिरवी शेतं आहेत, आणि लांब झाडांवरून लाटसाहेबांच्या बंगल्याचा उंच मनोरा डोकावतोय. नणंद विचारते, तिथे राहतं कोण? भावोजी सांगायला लागतात, पण कुणाचं लक्ष नाही, कारण समोर डोंगर दिसलाय. उघडा, काळ्या खडकाचा, पावसानं कडेकडेला हिरवा झालेला. अर्ध्या उंचीवर देऊळ. पायऱ्यांवर रंगीत रेघ हलतेय. ती माणसांची आहे.

आणि आधी जत्रा.

जत्रेत डोळ्यांच्या आधी कान शिरतात. संबळ. गोंधळ्यांचं टोळकं कुठेतरी डावीकडे आहे, त्याच्या ठोक्यानं छाती आतून हलते. तुणतुणं. पोतराजाच्या आसुडाचा कडाड आवाज, आणि लगेच पोरांचं किंचाळत मागे पळणं. पिपाण्या. शंभर पिपाण्या एकाच वेळी, प्रत्येकीचा सूर वेगळा. रहाटपाळणा करकरत फिरतो, वर गेलेली मुलगी ओरडते आणि खाली आली की हसते. कासाराच्या पालात बांगड्यांचा किणकिणाट. जळत्या पोताचा धूर, त्यात तेल, कापूर, उदबत्ती, माणसांचा घाम, आणि कढईत तळल्या जाणाऱ्या कशाचा तरी वास. आज उपास आहे, तिकडे वळून बघू नका. रेवड्या, बत्तासे, चुरमुऱ्यांचे ढीग. कुंकवाच्या राशी, इतक्या टोकदार, की त्यांना हात लावावासा वाटतो. लाकडी बाहुल्या, भातुकलीची पितळी भांडी, बोटभर उंचीची जाती. नणंदेचे पाय तिथे रुतलेत.

"परत येताना," जाऊबाई तिचा हात ओढतात. "आधी देवी."

गर्दीत पुढे सरकताना कुणाचा कोपर लागतो, कुणाच्या ओल्या केसांचं पाणी तुमच्या दंडावर पडतं. पेठेत तुम्ही कुणाला शिवता, कुणाला नाही, याचा चोवीस तास हिशेब असतो. इथे तो ठेवायचा कसा? ढकलाढकलीत अलवणाशेजारी हिरवं लुगडं, हिरव्याशेजारी धनगराचं घोंगडं. पण गर्दीनं सगळंच पुसलं असं समजू नका. त्या काळच्या देवळांच्या दारात काही माणसांना थांबवलं जाई. बाहेर उभं राहून कळसाला हात जोडायचे, फुलं कुणाच्या तरी हाती वर धाडायची. पुढे 1929 सालच्या दसऱ्याला पर्वतीच्या पायऱ्यांवर याच हक्कासाठी सत्याग्रह झाला आणि सत्याग्रहींवर दगड पडले. तुमच्या पेठेतून पर्वती रोज दिसते. आज पायऱ्या चढताना एवढं मनात असू द्या, कारण तुम्हाला कुणी अडवलेलं नाही.

चढा आता.

पहिल्या काही पायऱ्या सोप्या जातात. मग मांड्या भरून येतात, कासोटा ओढतो, छाती धडधडते. पायऱ्या दवानं आणि सांडलेल्या नारळाच्या पाण्यानं ओल्या, पावलांनी गुळगुळीत झालेल्या. कडेला आंधळा म्हातारा एकच ओळ आळवत बसलाय. एक बाई प्रत्येक पायरीवर हळदकुंकू वाहत चढतेय. तिला ओलांडून जाताना तिच्या पुटपुटण्यातलं एक नाव ऐकू येतं, मुलाचं असावं. दोन मुलगे आपल्या आईला हातांची पालखी करून वर नेताहेत. रांग थांबते, सरकते, थांबते. मधेच वरून "आई उदे गं!" असा पुकारा होतो आणि सगळ्या पायऱ्यांवरून, तळापर्यंत, "उदे" उतरत जातो. तुमच्या तोंडून तो कधी निघाला हे तुम्हाला कळतही नाही. घरात मोठ्यानं बोलायची सवय मोडलीय. आज स्वतःचा आवाज ऐकून दचकायला होतं.

रांगेत उभं असताना काकू गोष्ट सांगतात. दर वर्षी सांगतात, आणि दर वर्षी कुणीतरी नवीन ऐकणारं असतं. या वर्षी तुम्ही.

पेशवाईत पुण्यात दुर्लभशेठ पितांबरदास महाजन नावाचा मोठा सावकार होता. टाकसाळ होती त्याची. त्याच्या रुपयाला म्हणे चतुरशिंगी रुपयाच म्हणत. वणीच्या सप्तशृंगीवर त्याची भक्ती. दर चैत्री पौर्णिमेला वणीला जायचं, चुकायचं नाही. वणी कुठे, पुणं कुठे! दीडशे मैलांहून जास्त वाट, घाट, नद्या, आणि शेवटी तो उभा गड. पैसा होता, माणसं होती, पण वय कुणाला सुटतं? एक वर्ष असं आलं की शेठजींना उठवेना. रडले. आई, आता तुझी भेट नाही. त्या रात्री देवी स्वप्नात आली. म्हणाली, तुला येववत नाही ना? मग मीच येते. गावाच्या वायव्येला डोंगर आहे, तिथे शोध. माणसं गेली, खणलं, आणि खडकात देवी सापडली.

"अशी आली बघ ती," काकू म्हणतात. "दीडशे मैल ती आली. तीन मैल आपण."

तुमच्या मुठीतला सासूबाईंचा आणा घामानं ओला झालाय.

मी या गोष्टीपाशी नेहमी थांबते. आपल्याकडे देवाची परीक्षा असते ती बहुधा वाटेच्या लांबीत. तुळजापूर, माहूर, कोल्हापूर, वणी: साडेतीन पीठांचं पुण्य पायपिटीच्या हिशेबातच मोजलं गेलं. आणि इथे एक देवी म्हणते, तुझे पाय थकले तर वाट मी चालेन. शेठजीसाठी आली, पण तिच्या येण्याचा सगळ्यांत मोठा लाभ झाला तो ज्यांना वणीला कधीच कुणी पाठवलं नसतं त्यांना. पहाटे निघून दुपारच्या जेवणापर्यंत परत येता येईल अशा अंतरावर ती येऊन बसली. घट राखायचे, सोवळं सांभाळायचं, तान्हं घरी ठेवून यायचं, अशा सगळ्या बायकांच्या आवाक्यात.

रांग गाभाऱ्याच्या दाराशी येते. इथे हवा नाही. समयांचा ताप, कापराचा धूर, फुलांच्या ढिगाचा कोंदट गोडवा, आणि मागून येणारा लोंढा. डोळ्यांतून पाणी येतं, ते धुराचं की कशाचं हे ठरवत बसू नका. खाली वाका, दार ठेंगणं आहे. कुणाचं तरी डोकं तुमच्या खांद्यावर, तुमचे गुडघे पुढच्या बाईच्या पोटऱ्यांना. "चला, चला, पुढे," असं आतून सारखं चाललंय.

आणि मग समोर ती.

शेंदरानं माखलेला खडक, त्यातून तुमच्याकडे रोखलेले मोठे डोळे, अंगावर लुगडं, नथ, गळ्यापर्यंत हार. इतका वेळ कानावर आदळणारा सगळा कल्लोळ एकाएकी कुठेतरी मागे राहतो. तुम्ही घोकून आणलं होतं काय काय मागायचं ते. पंधरा दिवसांपूर्वी घाटाखालून, चिपळूणहून, पत्र आलंय: वडिलांचा ताप उतरत नाही. ते सांगायचं होतं. पण ओटी पुढे करताना हात थरथरतात, तांदूळ सांडतात, आणि तोंडून येतं ते एवढंच: "सासूबाईंना यायला जमलं नाही. रागवू नकोस." आणा ठेवला. कपाळ थंड दगडाला टेकलं. पुजाऱ्यांनी मूठभर कुंकू आणि नारळाचा तुकडा हातावर ठेवला. दुसऱ्या दारानं बाहेर.

वडिलांचं सांगायचं राहिलंच.

आत्याबाई तुमच्यामागून बाहेर येतात. त्यांच्या हातात ओटी नव्हती. विधवेनं ओटी भरायची नसते. एक झेंडूचं फूल त्यांनी पहाटेपासून पदरात जपून आणलं होतं, ते आता पदरात नाही. चेहरा मात्र असा, की दोन क्षण तुम्हाला त्या कोण हे ओळखायला वेळ लागतो.

देवळामागच्या खडकावर बसा. हा दिवसातला सगळ्यांत सुखाचा वेळ आहे, घाई करू नका. फडक्यातून उकडलेली रताळी निघतात, भाजलेल्या शेंगा, राजगिऱ्याचे लाडू. तांब्यातलं पाणी वरून, नथ सांभाळत, घटाघटा. वारा घाम सुकवतो. शेंगांची टरफलं उडत खाली जातात. आणि समोर पुणं पसरलंय.

पुण्यात राहून तुम्ही पुणं पाहिलेलं नाही. चौक, माजघर, हौदाची वाट, देवळाचा गाभारा, एवढंच ठाऊक. इथून नदीची वळणदार चकाकती रेघ दिसते, पलीकडे झाडांत बुडालेली गर्दी, मधून मधून वर आलेले कळस, कौलांवर तरंगणारा चुलींचा धूर. उजवीकडे लांब पर्वती. भावोजी काठीनं दाखवतात: तो पूल, ती आपली पेठ. तुम्ही डोळे बारीक करून वाडा शोधता. तो दिसत नाही. जिच्यात तुमचा सगळा दिवस, सगळा धाक, सगळी उठबस मावते, ती पेठ इथून अंगठ्याआड झाकली जाते. तुम्ही खरंच अंगठा धरून बघता. जाऊबाई बघतात, आणि त्याही धरतात.

"पुढचं वर्ष शेवटचं," आत्याबाई मधेच म्हणतात. शेंग फोडत, कुणाकडे न बघता.

"कशाचं?"

"हिच्या नवसाचं. पाच झाली की फिटला."

कुणी बोलत नाही. जाऊबाई टरफलं गोळा करायला लागतात.

उतरताना ऊन चढलेलं. आश्विनातलं ऊन पाठीवर बसतं आणि उठत नाही. पायऱ्यांचा दगड तापलाय, सावलीच्या पट्ट्यांवरून पाय उचलत या. नणंदेला लाकडी बाहुली मिळते. जाऊबाई कासारापुढे हात धरून बसतात. तो बोटं दाबून, हाड चुरून हिरवा चुडा चढवतो, त्यांच्या डोळ्यांत पाणी येतं आणि त्या हसतात. तुमच्याही हातात चढवतो. पुढे धूळ, माशा, पायाला आलेले फोड, भांबुर्ड्यातल्या विहिरीवर मागून घेतलेलं पाणी, लकडी पुलावर पुन्हा वारा. दिंडीतून आत शिरलात की चौकातला गारवा अंगाला लागतो आणि सासूबाई दारातच विचारतात:

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"काय म्हणाली?"

काय सांगणार? तुम्ही हातातलं कुंकू त्यांच्या कपाळाला लावता.

अजून परत जाऊ नका. तीन दिवस थांबा, अष्टमीपर्यंत. यात्रेचा उरलेला भाग घरातच होणार आहे.

अष्टमीला सकाळपासून वाडा सोवळ्यात आहे. तुमच्या लग्नाला पाच वर्षं व्हायचीत, म्हणून सकाळची देवीची पूजा तुमची. दुपारी तांदळाच्या पिठाची उकड काढून तिचा मुखवटा घडवतात. ऊन ऊन उकड मळताना बोटं भाजतात, तिची वाफ तोंडावर येते. नाक, ओठ, हनुवटी. मग काजळाचे डोळे. उभी देवी, जरीचं लुगडं, घरातले सगळे दागिने तिच्या अंगावर. दिवेलागणीला पेठेतल्या बायका येऊ लागतात. माजघर भरतं, ओसरी भरते, जिन्यावर पोरी बसतात. धुपाचा धूर आढ्याला लागून खाली उतरतो.

घागर धुपावर धरून आतून धुपवतात. मग एक जण ती दोन्ही हातांनी तोंडापाशी घेते आणि तिच्या काठावर फुंकर घालते. घुम्म. पुन्हा घुम्म. तो आवाज कानांनी ऐकायचा नसतो, तो तळपायांतून येतो. फुंकता फुंकता पावलं ठेका धरतात, एकीमागून दुसरी उठते, लुगड्यांचे काठ फिरतात, जमीन थरथरते. तुमच्याही हातात घागर येते. धुपानं कोमट झालेलं पितळ, ओठांना त्याची चव. पहिली फुंकर फुकट जाते. दुसरी लागते आणि अख्खी घागर तुमच्या छातीत घुमते. पायाचे फोड दुखत नाहीत. डोळ्यांपुढे फक्त तांदळाचा तो पांढरा चेहरा.

रात्र चढते तशी शेजारच्या काकूंची पावलं बदलतात. खोपा सुटतो. कुणी त्यांच्या हातातली घागर काढून घेत नाही, उलट वाट करून देतात. वारं आलंय. सासूबाई पुढे होऊन त्यांना कुंकू लावतात. आता विचारायचं असेल ते विचारा. कुणी नोकरीचं विचारतं, कुणी हरवलेल्या बिलवराचं, कुणी लेकीच्या लग्नाचं. जाऊबाई पाठीत हळूच ढकलतात आणि तुम्ही पुढे येता.

जे डोंगरावर सांगायचं राहिलं होतं ते आता सांगता. वडिलांचा ताप. पत्र. घाटाखालचं घर.

काकूंचा आवाज त्यांचा नाही, जाड आहे, संथ आहे.

"उतरेल. पाच वर्षं चालत ये. ओटी भर."

माजघर क्षणभर थांबतं. सासूबाई दोन्ही हात जोडतात आणि वाड्यातल्या सगळ्यांना, ओसरीवरच्या पुरुषांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणतात, "येईल हो आई. मी पाठवीन तिला. दर वर्षी पाठवीन."

पाच वर्षं! जाऊबाई तुमचा चुडा भरलेला हात घट्ट धरतात. आणि मागून, भिंतीकडेच्या काळोखातून, आत्याबाईंचा आवाज येतो:

"एकटी कशी जाईल ती एवढ्या लांब? सोबतीला मी आहे."

"आणि मी?" नणंद ओरडते.

"तूसुद्धा. पण बाहुली मागायची नाही."

बायका हसतात. कुणीतरी घागर पुन्हा तोंडाला लावतं.